हातची गेली म्हणे!

गेल्या गणपतीत ओसाकातल्या आमच्या मंडळात मोदक वळता वळता 'सेन्सो हानायोमे'चा विषय निघाला. म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर परक्या सैनिकांशी लग्न करून देश सोडलेल्या जपानी बायका. एक काका सहज म्हणाले, "त्या होय, सोल्जरांच्या मागे पळालेल्या!" कुणी काही बोललं नाही. मीही नाही. म्हणून आता तुमच्यापाशी भांडतेय.

पळायला वाट तरी होती का हो? अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने जपान्यांना कायमचं येऊन राहायलाच बंदी केली होती. १९४५ मध्ये सैनिकांच्या परदेशी बायकांसाठी खास कायदा झाला, त्याचाही जपानी बायकांना उपयोग नव्हता. मध्ये थोड्या थोड्या काळाच्या सवलती मिळाल्या, पण दार नीट उघडलं ते १९५२ मध्ये. तोवर नवऱ्याने वरिष्ठांची परवानगी मागायची, तिच्या चौकशा व्हायच्या, आणि कागद हलेपर्यंत त्याची बदली. मी काम करते त्या सुगिमोतोच्या विद्यापीठाच्या आवारातही १९५५ पर्यंत अमेरिकन लष्कराचा तळ होता. अशा तळावरच्या सैनिकाबरोबर दिसलेल्या मुलीला लोक सरसकट 'पानपान' म्हणत, म्हणजे रस्त्यावरची वेश्या. एवढं सोसून चाळीस हजारांहून जास्त जणी अमेरिकेला गेल्या. याला पळणं म्हणतात?

"जपान्यांचं जपान्यांपाशी" असंही म्हणू नका. १९४६-४७ मध्ये राष्ट्रकुल फौजेबरोबर मराठा पलटणही जपानात होती, आणि स्थानिकांत मिसळू नका हा हुकूम त्या फौजेलाही होता. शिवाय कायदा बघा. जपानी आईचं परदेशी नवऱ्यापासूनचं मूल १९८५ पर्यंत जपानी धरत नसत. आपल्याकडे काय होतं? परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व मिळायचं ते फक्त बापाकडून, आईकडून नाही. तेही १९९२ पर्यंत, म्हणजे जपाननंतर सात वर्षं! मुलगी दिली की हातची गेली, हे दोन्ही देशांनी चक्क कायद्यात लिहून ठेवलं होतं.

कायदा बदलला. मंडळ कुठे बदललं? त्याच काकांची सून जपानी आहे. मोदकाच्या कळ्या तिच्या फार सुबक येतात, नऊवारीतला तिचा फोटो दरवर्षी सगळ्यांना जातो, आणि मलाही तो आवडतो. पण आमच्यातल्याच एकीने ब्राझीलच्या मुलाशी लग्न केलं, तिला दोन वर्षं आमंत्रण नाही. "ती आता कुठे येणार," म्हणून तिचं नाव परस्पर गाळलं. तिला विचारलं कुणीच नाही.

काका, यंदाही यादी तुमच्याकडेच आहे. तिचा नंबर बदललेला नाही.