आई पुष्कळांची, सासू एकच!

रीमा लागू गेली ती १८ मे २०१७ रोजी. आदल्या संध्याकाळपर्यंत ती मालिकेच्या चित्रीकरणात होती, मध्यरात्रीनंतर छातीत दुखू लागलं आणि पहाटे सगळं संपलं. वय अठ्ठावन्न. महिन्याभराने एकोणसाठावं पुरं झालं असतं. त्या दोन-चार दिवसांत मी जे जे वाचलं आणि टीव्हीवर ऐकलं, त्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता. 'पडद्यावरची आई'. सलमानची आई, शाहरुखची आई, संजय दत्तची आई. अजूनही तिची जयंती-पुण्यतिथी आली की हेच चार फोटो फिरतात आणि खाली हेच वाक्य असतं.

मला हे कधी पटलं नाही. आज त्यावरच लिहिणार आहे. माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकेल. पण मी ज्या रीमाला ओळखते ती आधी 'तू तू मैं मैं'मधली सासू आहे, 'श्रीमान श्रीमती'मधली कोकी आहे, आणि मग सवड असेल तर कोणाकोणाची आई.

आधी थोडी उजळणी करू. (शिक्षकाची खोड, उजळणी घेतल्याशिवाय पुढचा धडा नाही!) तिचं माहेरचं नाव नयन भडभडे. जन्म २१ जून १९५८. शाळा पुण्याची हुजूरपागा. आई मंदाकिनी भडभडे स्वतः रंगभूमीवरच्या अभिनेत्री, 'लेकुरे उदंड जाली' या नाटकामुळे लोकांच्या लक्षात राहिलेल्या. आम्हा नाशिककरांना इथे कान टवकारायचा हक्क आहे, कारण ते नाटक आमच्या वसंत कानेटकरांचं. इथे एचपीटी कॉलेजात शिकवता शिकवता त्यांनी जी नाटकं लिहिली त्यातलंच हे एक. मूल नसलेल्या जोडप्याचं दुःख, आणि नाटक मात्र गाण्याबजावणीचं, हसवणारं. दुःखावर विनोदाचं पांघरूण घालायचं, पण ते इतकं झिरझिरीत ठेवायचं की खालचं दिसत राहील. ज्या घरात आई असल्या नाटकात काम करते, त्या घरातल्या मुलीला विनोद म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नसेल, असं मला वाटतं.

नयनने लहानपणी 'बेबी नयन' म्हणून सिनेमात कामं केली. पुढे युनियन बँकेत नोकरी लागली आणि ती तिने दहा-एक वर्षं केली. आजच्या मुलांना याचं आश्चर्य वाटेल, पण त्या काळी मराठी नाटकाला अर्धी माणसं बँकांनीच पुरवली. दिवसा काउंटर, संध्याकाळी तालीम, आणि वर्षातून एकदा आंतरबँक नाट्यस्पर्धा. ज्यांचा पगार बँकेतून येत होता त्यांनाच प्रायोगिक नाटक परवडत होतं हे कडू सत्य आहे. लग्नही बँकेतल्याच सहकाऱ्याशी, नट विवेक लागूंशी, १९७८ साली झालं. रंगभूमीवर ती 'रीमा' झाली.

आणि ही रीमा काही विनोदी नटी म्हणून आली नव्हती. जयवंत दळवींच्या 'पुरुष' नाटकातली अंबिका तिने केली, समोर नाना पाटेकर. अंबिका शिक्षिका असते, सत्तेतल्या पुढाऱ्याने केलेल्या अत्याचाराचा हिशेब शेवटी ती स्वतःच्या हाताने चुकता करते. 'सविता दामोदर परांजपे'त झपाटलेली बाई केली. सिनेमात 'सिंहासन', 'आक्रोश', 'कलयुग'. म्हणजे अंगाचा थरकाप उडवायची ताकद असलेली ही बाई होती. हे लक्षात ठेवा, कारण माझा पुढचा सगळा मुद्दा यावर उभा आहे.

आता त्या आयांबद्दल. 'कयामत से कयामत तक' १९८८ चा, 'मैंने प्यार किया' १९८९ चा. 'मैंने प्यार किया' आला तेव्हा रीमा एकतीस वर्षांची होती आणि तिचा 'मुलगा' सलमान चोवीस वर्षांचा! साडेसात वर्षांचं अंतर. 'वास्तव' आला १९९९ साली, त्यात तिचा मुलगा संजय दत्त, तो तिच्याहून फक्त तेरा महिन्यांनी लहान. मुलांनो, गणित करा. मुलगा वयाच्या कितव्या वर्षी झाला? चाळिशीचा नायक विशीच्या नायिकेबरोबर झाडाभोवती फिरत असतो तेव्हा त्याच्या वयाच्या बाईला त्याच्या आईची साडी नेसवतात. याला आपण 'आईपणाचा सन्मान' म्हणतो. मला तो सन्मान वाटत नाही. तिने त्या भूमिकांचं सोनं केलं हे खरंच. तिच्याआधीच्या आया डोळ्यांना पदर लावून शिवणयंत्राशी बसलेल्या, ही मुलाशी मैत्रिणीसारखी बोलणारी आली. पण कामाची व्याप्ती केवढी? दोन-तीन प्रसंग, एक गाण्यात टाळ्या वाजवणं, एक रडणं. फिल्मफेअरच्या सहायक अभिनेत्रीच्या पारितोषिकासाठी चार वेळा नामांकन झालं, चारही वेळा बाहुली दुसऱ्याच कोणाच्या घरी गेली.

तिच्या वाट्याला संपूर्ण भूमिका आली ती छोट्या पडद्यावर. १९९४ साल. दूरदर्शनवर 'श्रीमान श्रीमती' सुरू झालं, लेखक अशोक पाटोळे. 'आई रिटायर होतेय' लिहिणारे तेच पाटोळे. केशव कुलकर्णी (जतीन कनाकिया) आणि त्याची बायको कोकिळा, म्हणजे कोकी. शेजारी सिनेनटी प्रेमा शालिनी (अर्चना पूरणसिंग) आणि तिचा नवरा दिलरुबा (राकेश बेदी). ह्याला शेजारीण आवडते, त्याला ही कोकी आवडते. विषय तसा थिल्लर होण्याच्या काठावरचा. घरात सासूसासऱ्यांसमोर आणि मुलांसमोर बघायची सोय नाही असं वाटावं. तरी घरंच्या घरं बसून बघायची ती कोकीमुळे. तिच्या वागण्यातला साधेपणा इतका पक्का होता की घाण तिथवर पोचायचीच नाही. बाकी तिघं धावपळ करायचे, ओरडायचे, पडायचे. ती शांत उभी असायची, आणि हशा तिच्या शांतपणावर यायचा.

त्याच वर्षी 'तू तू मैं मैं'ही सुरू झालं. दिग्दर्शक सचिन पिळगावकर, सून राधा म्हणजे सुप्रिया पिळगावकर, आणि सासू देवकी म्हणजे रीमा. पुढे ही मालिका स्टार प्लसवर दिसू लागली आणि केबलवाल्याला महिन्याचे पैसे देण्याचं घरात एक कारण मिळालं.

मी शाळेत मराठी शिकवायची. पाठ्यपुस्तकात विनोदी धडा आला की चि. वि. जोशी, नाहीतर पु. ल. म्हणजे विनोद करणारे पुरुष. बाई असली तर ती चिमणरावांच्या काऊसारखी, जिच्यामुळे हसू येतं ती. मुलांना मी नेहमी सांगायची, विनोद वाचताना स्वतः हसायचं नाही, गंभीरपणे वाचा, वर्ग आपोआप हसेल. हे सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. रीमाने ते वर्षानुवर्षं केलं. देवकी चिडायची ती खरीच चिडायची. तिला सुनेने डिवचलं की तिचा खरा अपमान व्हायचा. 'बघा मी किती गंमत करतेय' असा एक कटाक्षसुद्धा प्रेक्षकांकडे नाही. 'पुरुष'मधल्या अंबिकेला जो राग लागत असेल त्याच रागाचं नाणं इथे भाजीत मीठ जास्त झालं म्हणून खर्च व्हायचं. मोठा राग आणि क्षुल्लक कारण. विनोद तिथे होता. गंभीर अभिनय ज्याला येत नाही त्याला हे जमणार नाही. म्हणून 'ती गंभीर अभिनेत्री होती, विनोदही करायची' असं कोणी म्हणालं की मला वाईट वाटतं. तो 'ही' काढून टाका.

आता यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सासू-सुनेच्या भांडणावर हसायचं का? हा देश हुंडाबळींचा. स्टोव्हचे भडके उडून सुना जळायच्या, म्हणून तर १९८३ साली कलम ४९८-अ आणावं लागलं. ज्या घरात खरोखर छळ चालतो तिथे 'तू तू मैं मैं' म्हणजे क्रूर थट्टाच नाही का?

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. माझं उत्तर असं. या मालिकेतली भांडणं बरोबरीची होती. सून उलट बोलायची, सासू त्याला उत्तर द्यायची, कधी हिची सरशी, कधी तिची. कोणी कोणाच्या जेवणात विष कालवत नव्हतं. आणि संध्याकाळ झाली की दोघी एकाच घरात, एकाच बाजूला.

माझ्या घरातलं सांगते. मी लग्न होऊन पंचवटीतल्या वाड्यात आले तेव्हा सासूबाई आणि मी एकमेकींना कधीच काही बोललो नाही. चांगलं नाही आणि वाईटही नाही. आमच्याकडे बोलायची ती भांडी. त्यांना काही खटकलं की पातेल्यावर झाकण जोरात पडायचं. मला खटकलं की मी पोळपाट आपटायची. मधे ह्यांनी पेपर तोंडासमोर धरायचा. वीस वर्षं असा संसार झाला. मग ही मालिका आली. एका भागात देवकी सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होती आणि माझ्या सासूबाई पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी पण अशीच दिसते का गं?" मी म्हटलं, "नाही हो आई, तुम्ही एवढं बोलत कुठे?" तेव्हा त्या जे हसल्या ते मी आजही विसरलेले नाही. त्यानंतर भांडणं संपली नाहीत, उलट वाढली. कारण आता ती तोंडाने व्हायला लागली. "आलीस का गं देवकीच्या सुने?" असं शाळेतून आल्यावर त्यांनी विचारलं की मी समजायची, आज काहीतरी ऐकून घ्यायचं आहे. पण ऐकून घेता येत होतं, आणि बोलताही येत होतं. त्या गेल्या तेव्हा आमच्यात न बोललेलं असं फारसं काही शिल्लक नव्हतं. दोन बायकांच्या आयुष्यात ही लहान गोष्ट नाही.

आणि मग काय झालं? जुलै २००० मध्ये त्याच स्टार प्लसवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' आलं. नातं तेच, पण घराचा नूर पालटला. भरजरी साड्या, कट-कारस्थानं, डोळ्यांवर तीन-तीनदा जाणारा कॅमेरा. सासू-सुनेच्या नात्यातलं हसू जे गेलं ते गेलंच. मराठी वाहिन्यांनीही तोच कित्ता गिरवला. रीमाने २०१३ मध्ये झी मराठीवर 'तुझं माझं जमेना'मधून पुन्हा एकदा सासू-सुनेची खुमासदार जुगलबंदी करून पाहिली, पण वारं बदललं होतं. आणि नियती कशी असते पाहा. तिची शेवटची मालिका 'नामकरण', तीही स्टार प्लसवरचीच, आणि त्यात तिच्या वाट्याला दयावंती ही करारी, कठोर आजी आली. ज्या वाहिनीवर तिने देवकी म्हणून देश हसवला, तिथेच तिला शेवटी डोळे वटारावे लागले. तेही तिने चोखच केलं. पण मला ते बघवलं नाही.

आज मराठीत विनोद पुष्कळ आहे. हास्यजत्रेतल्या मुली जीव ओतून काम करतात, त्यांचं मला कौतुक आहे. पण स्किट म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचा फटाका. एक बाई वर्षानुवर्षं, आठवड्यामागून आठवडे, एकाच घरात वावरते आहे, तिचा स्वभाव आपल्याला नातेवाइकासारखा पाठ झाला आहे आणि तिच्या स्वभावातूनच विनोद होतो आहे, असं आता कुठे दिसतं? उलट बाईचा विनोद हवा असला की पुरुषाला साडी नेसवायची पद्धत पडली आहे. पुरुषाने पदर खोचला की टाळ्या. म्हणजे हसायचं कशाला, तर बाई असण्यालाच. रीमाला कधी वेडंवाकडं तोंड करावं लागलं नाही, बेंगरूळ कपडे घालावे लागले नाहीत. नीटनेटकी साडी, कपाळाला टिकली आणि ताठ मान. आपल्या शेजारच्या कुठल्याही जोशीकाकू, पाटीलकाकू.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'श्रीमान श्रीमती' पुन्हा दाखवलं. माझी नात तेव्हा अकरा वर्षांची, जन्माने मोबाइलवाली. पहिल्या दिवशी 'काय जुनं बघतेस' म्हणाली, चौथ्या दिवशी माझ्याआधी येऊन बसली. तिने विचारलं, "आजी, ही कोकी अजून कुठे दिसते?" मी 'हम आपके हैं कौन'चं नाव सांगितलं. तिने तो पाहिला आणि म्हणाली, "पण ह्यात तिला काही करूच देत नाहीत!"

पोरीने एका वाक्यात सांगितलं ते मला इतकं लांबण लावून सांगावं लागलं. असो. तुमच्यापैकी कोणाला रीमाची आठवण आली तर एक विनंती. तो आईचा फोटो पुढे पाठवण्याआधी 'तू तू मैं मैं'चा एखादा भाग शोधून लावा. आणि जमलं तर घरातल्या ज्या माणसाशी तुमचं भांड्यांतून बोलणं चालू आहे, त्याला शेजारी बसवा.