एका दिवसाची सहल

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारची गोष्ट. वाणगाव स्टेशनवरून मी बाबांच्या रिक्षातून घरी येत होते. मागे मुंबईहून फिरायला आलेले एक कुटुंब बसले होते आणि पुढे बाबांच्या शेजारी दाटीवाटीने मी. त्यांच्यातल्या काकूंनी सहज विचारले, "काय गं, कॉलेजात शिकतेस ना? मग सांग बघू, तुमच्या चिंचणीत बघण्यासारखं काय आहे?"

मी म्हटले, "समुद्र आहे."

"अगं, समुद्र तर आमच्या दादरलाही आहे!"

सगळे हसले. बाबाही हसले, मीही हसले. पण माझा चेहरा उतरला होता. एकोणीस वर्षे या गावात काढलेली, इतिहास विषय घेऊन द्वितीय वर्षात शिकणारी मी, घराण्यातली कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. आणि माझ्यापाशी गावाबद्दल सांगायला एका शब्दापलीकडे काही नव्हते.

आता सहलीविषयी बोलते. आपल्या महाविद्यालयाची सहल मागच्या वर्षी अजिंठा-वेरूळला गेली. तीन दिवस, दोन रात्री. आमच्या वर्गातल्या मुलींपैकी तिघी गेल्या. बाकीच्या का गेल्या नाहीत, हे कुणी विचारले नाही. विचारण्यासारखे ते नव्हतेही, कारण उत्तर सर्वांनाच ठाऊक असते. एक तर पैसे. बाबांच्या रिक्षाच्या हप्त्याची तारीख आणि सहलीचे पैसे भरण्याची तारीख एकाच आठवड्यात आली होती. आणि दुसरे, रात्र. मुलगी शिकायला जाते हे आमच्या घरात आता मान्य झाले आहे. मुलगी बाहेर रात्र काढते हे व्हायला अजून थोडा अवकाश आहे. आईवडिलांना मी दोष देत नाही. जे त्यांनी कधी केले नाही त्याची भीती त्यांना वाटते, एवढेच.

प्राध्यापकांनाही माझा दोष नाही. त्यांनी हौसेने सहल नेली. आल्यावर सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो आम्हीही हौसेने पाहिले. (लेण्यांपेक्षा बसमधले फोटो जास्त होते, हे जाता जाता नोंदवते.) माझे म्हणणे एवढेच की दिवेलागणीच्या आत घरी परतणारी सहल ही सहलच नव्हे, ती फार तर 'पिकनिक', असे जे आपण धरून चाललो आहोत, ते चूक आहे. आमच्यासारख्यांना तेवढीच सहल शक्य आहे, आणि सुदैवाने या जिल्ह्यात तेवढी पुरेशीही आहे.

त्या काकूंचा प्रश्न डोक्यात घेऊन मी ग्रंथालयात गेले. सरांनी एका जाड इंग्रजी ग्रंथमालेचा खंड काढून दिला. 'एपिग्राफिया इंडिका' तिचे नाव. त्यात चिंचणीचे नाव छापलेले पाहून अंगावर काटा आला. आपल्या गावात ताम्रपट सापडले आहेत! त्यांतला एक शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाणला जो अधिकारी कारभार पाहत होता, त्याचे नाव त्यात मधुमती असे दिले आहे. हे नाव म्हणजे 'महंमद'चे संस्कृत रूप, असे विद्वान म्हणतात. तो ताजिक, म्हणजे अरब होता. त्याच्या काळात देवीच्या मठाला दिलेल्या जमिनीची ती सनद आहे. पण मला सर्वांत आवडली ती निराळीच गोष्ट. या मधुमतीने दोन प्रवाहांवर वाटसरूंसाठी फुकट होडी ठेवली होती आणि संजाणला एक अन्नछत्र घातले होते. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे, तेही फुकट.

म्हणजे अकराशे वर्षांपूर्वी आपल्या या किनाऱ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाची ही अशी सोय होती. आज रविवारी संध्याकाळी सुरूच्या बनात चक्कर मारा. येणारे शिधा आपला आपण आणतात आणि आमच्यासाठी थर्माकोलची ताटे ठेवून जातात. त्यांना तरी काय बोलावे? जिथे 'बघण्यासारखं काही नाही' असे आम्हीच सांगतो, ती जागा कोण जपून वापरणार?

खाडीपलीकडचे तारापूर घ्या. तारापूर म्हटले की जगाला अणुवीजकेंद्र आठवते, आणि ते रास्तच आहे. १९६९ साली देशातले पहिले अणुवीजकेंद्र तिथेच सुरू झाले. पण त्याच तारापूरच्या किल्ल्याखाली १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत, बाजी भिवराव गोळी लागून पडले. मी त्या किल्ल्याशेजारून लहानपणापासून जाते-येते आहे. मला वाटे, ती कुणाची तरी जुनी वाडी असावी. पालघरला आपण बाजाराला, दाखल्यांना जातो. १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबारात तिथे पाच जण हुतात्मे झाले. त्यांच्या स्तंभाला वळसा घालून आपली रिक्षा जाते आणि आपण भाड्याची घासाघीस करीत असतो. गंजाडला जिव्या सोमा म्हसे राहत. वारली चित्रे भिंतीवरून कागदावर आणून त्यांनी जगभर नेली, २०११ साली पद्मश्री मिळवली, २०१८ मध्ये ते गेले. गंजाडकडची मुले आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसतात. त्यांच्यापैकी एकाला तरी आपण काही विचारले आहे?

इथेच माझी सूचना येते. प्रत्येक सत्रात एका रविवारी एक सहल काढावी. एस.टी. आणि लोकल, एवढेच वाहन. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते. २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मे तिकीट आहे. डबा घरचा. आणि जिथे जायचे तिथल्या विद्यार्थ्याने त्या दिवशी पुढे चालायचे, माहिती सांगायची. सरांनी मागून यायचे. तारखा, सनावळ्या चुकल्या तर सर आहेतच. पण ओढा कुठून ओलांडायचा, कोणत्या घरी पाणी मागायचे, हे सरांना कुठे माहीत असते? वर्षभर तोंड न उघडणारा मुलगा आपल्या पाड्यावर कसा बोलतो, ते एकदा ऐकावे.

कुणी म्हणेल, मग अजिंठा पाहायचाच नाही की काय? पाहायचा. मलाही पाहायचा आहे. पण आधी घरचे, हा क्रम काही वाईट नाही. आणि काही ठिकाणांच्या बाबतीत तर घाई करायला हवी. आपल्या उत्तरेला, वरोर ओलांडले की वाढवण. तिथल्या बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. बंदर हवे की नको यावर गावागावांत, घराघरांत वाद आहेत आणि तो या लेखाचा विषय नाही. परंतु दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणाऱ्या आमच्या मित्रमंडळींपैकी कितीजण ओहोटीला त्या खडकांवर चालून आले आहेत? मी विचारले, तेव्हा बहुतेकांनी विषय बदलला.

नुसते लिहून काय उपयोग, म्हणून दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही चौघी मैत्रिणी कोसबादला गेलो. परवानगीचा प्रश्न सोपा केला : आईलाच बरोबर घेतले. आई चौथीपर्यंत शिकलेली. धाकट्या भावंडांना सांभाळायला तिची शाळा सुटली. डहाणूपर्यंत लोकल, पुढे एस.टी. गाडीत मी तिला वाचलेले सांगितले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली. १९५७ मध्ये त्यांचे काम कोसबादच्या टेकडीवर आले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, हे त्यांच्या लक्षात आले. मुले येत नाहीत, तर शाळा त्यांच्याकडे न्यायची. जिथे गुरे चरतात तिथेच वर्ग भरवायचा. तिला नाव 'कुरणशाळा'.

आईने मला मध्येच थांबवले. "म्हणजे बाई स्वतः रानात जायच्या?"

"हो."

"आणि पोरं गुरांकडे पण बघायची नि शिकायची पण?"

"हो."

बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत राहिली. टेकडी चढताना मात्र ती आम्हां चौघींच्या पुढे होती. वर झाडाखाली डबे सोडले, भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली, आणि साडेसहाला वाणगावला उतरलो तेव्हा बाबा रिक्षा लावून उभे होते. "काय बघितलंत?" असे त्यांनी विचारायचा अवकाश, चिंचणी येईपर्यंत आईच बोलत होती. पुढे बसलेल्या मला मध्ये शब्द घालायलाही जागा मिळाली नाही.

पुढच्या वर्षी सहलीचा फलक लागेल तेव्हा अजिंठ्याशेजारी एक ओळ वाढवून कोसबाद किंवा तारापूर लिहावे, ही विनंती. आम्हां चौघींची नावे आताच घ्यावीत. आणि आई विचारते आहे, पालकांना येता येईल का?