घर आणि विज्ञान : इसब आणि पेशींचे टपाल

दिवाळीची पहिली आंघोळ म्हणजे तेल, उटणे आणि घरभर दरवळणारा सुवास. पण घरात कुणाच्या मानेवर इसब फुलले असेल, तर याच दिवशी न्हाणीघराच्या दाराशी हलक्या आवाजात सूचना होते, "त्यांचा पंचा वेगळा ठेव हं, मुलांना लागायचे!" शिकल्यासवरल्या घरांतही हे चालते. ज्याच्याविषयी बोलले जाते त्याला ते ऐकू येते आणि कातडीच्या आगीपेक्षा तेच अधिक झोंबते. म्हणून या अंकात इसबाविषयी.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब ज्या तालुक्यात येते, त्या जालना जिल्ह्यातील घनसावंगीकडे पावसाळ्यात गेलात, तर बांधांवर आणि सडकेच्या कडेला बारीक पांढऱ्या फुलांचे गाजरगवत दिसेल. हे मूळचे अमेरिका खंडातले. १९५० नंतरच्या काही वर्षांत ते पुण्यात नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. पाठोपाठ इसबही आले. या गवताने होणाऱ्या इसबाची हकीकत डॉ. लोणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. वाऱ्यावर उडालेला गवताचा चुरा जिथे बसतो, त्या पापण्या, चेहरा, मान आणि कोपराच्या खळग्या यांवर त्याचा रोख असतो. शेतावर राबणाऱ्या पुरुषांत तो अधिक आढळतो.

यात घडते काय? गवतातील पार्थेनिन हे द्रव्य कातडीत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटते. शरीराचे पहारेकरी, म्हणजे पांढऱ्या पेशी, त्याला शत्रू ठरवून त्याची ओळख लक्षात ठेवतात. पुढच्या वेळी नुसता स्पर्श झाला, तरी एकदोन दिवसांत दाह उसळतो.

पण एका पेशीची चाहूल दुसरीला लागते कशी? पेशी रासायनिक द्रव्ये सोडतात हे पूर्वीपासून माहीत होते. १९८३ साली माँट्रियल आणि सेंट लुइस येथील शास्त्रज्ञांना, अपक्व तांबड्या रक्तपेशी अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर टाकतात, असे आढळले. साधारण एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या या पिशव्या! प्रथम वाटले, हा पेशींचा केरकचरा. पुढे त्यांना 'एक्झोसोम' हे नाव मिळाले. २००७ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले, की त्यांतून आरएनएच्या रूपाने लेखी सूचनाच दुसऱ्या पेशीकडे पोचतात. केर कसला, हे तर टपाल!

कातडीच्या दाहात या टपालाचा हात आहे. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशींच्या पिशव्या पांढऱ्या पेशींना चेतवितात, असे प्रयोगांत दिसले. उलट २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांत, स्पर्शाने होणारा ॲलर्जीचा दाह शमविणाऱ्या पिशव्याही सापडल्या. म्हणजे त्याच टपालाने 'पेटा' हा निरोपही जातो आणि 'पुरे' हाही.

आता पंच्याकडे वळू. हा निरोप एकाच शरीरातल्या पेशींचा आपापसांतला आहे. गाजरगवताचे इसब किंवा सोरायसिस पंच्यातून, ताटातून वा मांडीवर घेतलेल्या नातवंडाला लागत नाही. खरूज आणि नायटा मात्र लागतात. म्हणून निदान शेजारणीने न करता त्वचारोगतज्ज्ञाने करावे. कातडीवर पट्टी लावून ॲलर्जी तपासण्याची सोय असते.

हल्ली 'एक्झोसोम'च्या नावाने महाग मलमे आणि इंजेक्शने विकली जातात. इसबावरचे खात्रीचे औषध म्हणून ती अजून सिद्ध झालेली नाहीत. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१९ साली लोकांना अशा मालाविषयी सावध केले होते. तो पैसा जपून ठेवावा. दुकानातून आपल्या मनाने आणलेले स्टेरॉइडचे मलमही महिनोन्महिने चोळू नये.

गाजरगवत फुलण्याआधीच उपटावे. उपटताना हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडके असावे. ज्याला त्याचे इसब आहे, त्याच्याकडे मात्र हे काम देऊ नये. आणि त्याचा पंचा सर्वांच्या दोरीवरच वाळू द्यावा.