घरची चव आणि घरची बाई

"घरी काय कमी आहे, म्हणून बाहेर खायला जायचं?" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले. माहेरी ऐकलं, सासरी ऐकलं, शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकलं. आता सत्तरी उलटल्यावर, संध्याकाळी फिरून झाल्यावर जमणाऱ्या आमच्या निवृत्त मंडळींच्या कट्ट्यावरही ऐकते. हल्ली त्याला एक शेपूट जोडलं गेलंय, "...आणि तेही असलं चिनी?" कट्ट्यावरच्या बहुतेकांची नातवंडं पुण्यात. ती रविवारी आईबापांबरोबर मोमो नाहीतर डिमसम खायला जातात, फोटो पाठवतात, आणि इकडे वालचंदनगरात आजोबांचा जीव कासावीस होतो. संस्कृती बुडाली!

मी मराठी शिकवायचे. वाक्य समोर आलं की त्याचा कर्ता कोण, कर्म काय, हे शोधायची खोड अजून गेलेली नाही. या वाक्यात कर्ता लपवलेला आहे. घरी काही कमी नाही, कबूल. पण ते 'काही' करतं कोण? वाक्यात त्याचा पत्ताच नाही. आज मला त्या लपवलेल्या कर्त्याबद्दल लिहायचं आहे. पण आधी ते 'चिनी' प्रकरण निकालात काढू.

मुलीकडे सिंगापूरला गेले होते, तेव्हा एका रविवारी सकाळी ती आम्हाला डिमसम खायला घेऊन गेली. डिमसम हा काही एक पदार्थ नव्हे, चहाबरोबर खायच्या छोट्या छोट्या पदार्थांचं ते अख्खं घराणं आहे. मूळ दक्षिण चीनमधल्या कँटन, म्हणजे आजच्या ग्वांगझू भागातलं, आणि हाँगकाँगमध्ये भरभराटीला आलेलं. तिकडचे लोक त्याला 'यम चा' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'चहा पिणं'. बांबूच्या झाकणाच्या टोपल्या येतात. एकीत पातळ, आरपार दिसणाऱ्या पारीत बांधलेली कोळंबी. दुसरीत पांढरे फुगलेले, आत सारण भरलेले बाव. एका बशीत मुळ्याचा कीस आणि तांदळाचं पीठ वाफवून, गार करून, वड्या पाडून तव्यावर परतलेलं काहीतरी. ती वडी तोंडात टाकली आणि मी मुलीला म्हटलं, "अगं, ही तर कोथिंबीर वडी!" पीठ वेगळं, कृती तीच.

पण माझं लक्ष पदार्थांपेक्षा शेजारच्या टेबलाकडे जास्त होतं. तीन पिढ्या बसलेल्या. पन्नाशीच्या मुलाने किटली उचलली, आधी म्हाताऱ्या आईच्या कपात चहा ओतला, मग इतरांच्या, स्वतःच्या सगळ्यात शेवटी. कुणी आपल्याला चहा ओतला की टेबलावर बोटांनी हलकेच टकटक करायची, ते त्यांचे आभार. किटली संपली की झाकण तिरकं करून ठेवायचं, वाढणारा समजतो. म्हातारी बसल्या जागी बसून होती. दोन तासांत एकदाही उठली नाही. तिच्या वयाच्या आमच्याकडच्या किती बायका कुटुंबाबरोबर दोन तास न उठता जेवल्या असतील? मोजा आणि मला सांगा.

आता आपली नागपंचमीची दिंडं आठवा. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, तळायचं नाही. म्हणून मग कणकेची पारी लाटायची, मध्ये पुरण ठेवायचं, चारी बाजूंनी घडी घालायची, चाळणीत मांडून पातेल्यावर वाफवायची. वर साजूक तूप. पारी, सारण आणि वाफ. डिमसमची सख्खी नसली तरी चुलत बहीण म्हणायला हरकत नाही. मोदकाचं तर सांगायलाच नको. ज्या माणसाने उकडीचा मोदक खाल्लाय त्याने मोमोला 'असलं' म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

आणि हे 'आपलं' आणि 'परकं' तरी कुठे इतकं सरळ आहे? उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, चारही मूळचे अमेरिका खंडातले, गेल्या चार-पाचशे वर्षांत इकडे आलेले. त्यावर आपण एकादशी सोडत नाही, धरतो! उलट बारामतीच्या हातगाडीवर 'चायनीज' म्हणून मिळणारं लालभडक मंचुरियन चीनमध्ये कुणाला माहीत नाही. ते १९७५ साली मुंबईत नेल्सन वाँग यांनी काढलं असं सांगतात. म्हणजे खिचडी परदेशी आणि मंचुरियन मुंबईकर.

अजून जवळचं उदाहरण देते. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला भिगवणला मासे खायला न्यायचं, ही आता रीतच झालीय. पुणे-सोलापूर रस्त्यावरची ती हॉटेलं, गरम भाकरी, झणझणीत रस्सा, तळलेला तुकडा. भिगवणची खासियत! पण भीमेवरचं उजनी धरण झालं १९८० साली. त्याआधी तिथे जलाशय नव्हता, शेतं होती, वाड्या होत्या. पळसदेवचं जुनं देऊळ आजही पाणी खूप खाली गेलं की वर येतं. आणि ताटातली ती चिलापी? ती मूळची आफ्रिकेतली, भारतात आली १९५२ साली. बुडालेल्या गावांवरच्या पाण्यात आफ्रिकेचा मासा, आणि त्याला आमच्या बायांच्या हातचं वाटण. पंचेचाळीस वर्षांत त्याची 'आपली चव' झाली. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, मी स्वतः आवडीने खाते. माझं म्हणणं एवढंच, की चव आपली होते ती ती कुणीतरी हाताने घडवते म्हणून आणि चार माणसं एकत्र बसून खातात म्हणून. तिचा जन्मदाखला कुणी मागत नाही.

तेव्हा संस्कृती डिमसमने बुडत नाही. आता मूळ मुद्द्याकडे येते, तो लपवलेला कर्ता.

दिंडांचंच बघा. दहा-बारा माणसांच्या घरात नागपंचमीला डाळ शिजवायची, गूळ घालून आटवायची, पुरण वाटायचं, कणीक तिंबायची, तीस-चाळीस दिंडं भरायची, चाळणी चाळणीने वाफवायची आणि गरम गरम वाढायची. पहाटेपासून दीड वाजेपर्यंतचं काम. मी शाळेत नोकरी करत होते, तरी सणाच्या दिवशी यातून सुटका नव्हती. त्या दिवशी विळीला सुट्टी, सुरीला सुट्टी, तव्याला सुट्टी. बाईला सुट्टी असावी असं शास्त्र लिहिणाऱ्या कुणाच्या मनात आलं नाही. आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती बसायची तेव्हा दिंडं गार, चामट झालेली. वाफेच्या पदार्थाची गंमत वाफेत असते हो! ज्या बाईने ती वाफ काढली तिला तीच कधी मिळाली नाही.

मोबदला काय? तर 'सुगरण' ही पदवी. गंमत म्हणजे सुगरण पक्ष्यात ते सुंदर घरटं नर विणतो. आपण पक्ष्याचं कौतुक बाईला दिलं आणि काम पण.

माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगते. पंचवीसेक वर्षं झाली असतील. थंडीचे दिवस होते, पुण्याचे पाहुणे आले होते, सगळे मिळून उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला गेलो आणि येताना भिगवणला जेवायला थांबलो. सासूबाईंनी तोवर हॉटेलात चहासुद्धा घेतलेला नव्हता. पोऱ्या ऑर्डर घेत घेत त्यांच्यापर्यंत आला आणि म्हणाला, "आजी, तुम्हाला काय आणू?" त्या म्हणाल्या, "हे खातील ते." पोऱ्या काही हलेना. "त्यांचं लिहिलंय आजी, तुमचं सांगा." त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "कटल्याचा मधला तुकडा असला तर दे. शेपटीकडचा नको. काटे फार असतात."

पन्नास-पंचावन्न वर्षं त्यांनी घरात मासे केले. मधले तुकडे आधी पुरुषांच्या ताटात, मग मुलांच्या. शेपटीकडचा त्यांचा. आम्ही सगळे समजत होतो की त्यांना तोच आवडतो, कारण त्या तसंच सांगायच्या. खरं काय ते एका अनोळखी पोराने विचारलं तेव्हा बाहेर आलं. घरात विचारायची पद्धतच नव्हती. म्हणून मी म्हणते, की घरच्या बाईला बाहेर जेवायला नेणं ही चैन नव्हे. तिला काय आवडतं हे तिच्या तोंडून ऐकायची, बऱ्याच घरांत, ती एकुलती एक जागा आहे.

यावर कट्ट्यावरचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला पैशाचा. मान्य. माझं पेन्शन येतं, सगळ्यांचं येत नाही. दर हंगामात आमच्या भागात ऊसतोडीला बीडकडून टोळ्या येतात. त्यातली बाई पहाटे उठून भाकरी थापते, मग दिवसभर फडात राबते. तिला मी डिमसमचं काय सांगणार? पण जत्रेत कागदावरची ओली भेळ नवऱ्याने आणून हातात दिली आणि ती बसून, गरम चहाबरोबर खाल्ली, तरी माझ्या हिशोबात ते बाहेर जेवणंच आहे. खर्च कमी करता येतो. वाढणारे हात बदलले म्हणजे झालं.

दुसरा आक्षेप बारीक आहे आणि खरा आहे. हॉटेलातही कुणीतरी राबतंच की! हो, राबतं. सिंगापुरात आमच्या टेबलावरच्या रिकाम्या टोपल्या उचलणारी बाई माझ्याच वयाची होती, तिच्याकडे बघून माझा घास अडला. पण तिला पगार मिळतो, तिची पाळी संपते, आणि तिच्या कामाला काम म्हणतात. पगार कमी असेल तर तो वाढवा म्हणून भांडता येतं. 'माया' कमी पडते म्हणून कुठल्या बाईने कुणाशी भांडायचं?

तिसरा आक्षेप माझ्या आवडीचा. बाहेर खायची सवय लागली तर आपले पदार्थ मरतील म्हणे. मला विचाराल तर ते घरात कोंडल्यामुळेच मरताहेत. बारामती-इंदापूरकडच्या हॉटेलांचं मेनूकार्ड बघा. पनीरचे दहा प्रकार, काजू करी, व्हेज कोल्हापुरी, मंचुरियन. दिंडं कुठायत? हुलग्याचे शेंगोळे कुठायत? माडगं कुठाय? एका हॉटेलवाल्याला मी विचारलं, तर म्हणाला, "बाई, घरी होतं ते विकत कोण खाणार?" पुन्हा तेच वाक्य! फुकट मिळतं म्हणून त्याला किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणून सुना ते शिकत नाहीत. त्यांचं काय चुकलं? डिमसमची नाजूक पारी लाटणारा कारागीर वर्षानुवर्षं शिकतो, त्या हातावर त्याचं घर चालतं. दिंडाची पारी फुटू न देणाऱ्या हाताला आपण काय देतो? "छान झालंय." तेही झालं तर!

विकत कोण खाणार, याचं उत्तर दर डिसेंबरात पुण्यात मिळतं. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने सुरू केलेली भीमथडी जत्रा भरते तिथे. बचतगटाच्या बायका चुलीवर भाकऱ्या थापतात, मांडे करतात, आणि शहरातली माणसं पैसे मोजायला रांगा लावतात. हीच बाई, हीच भाकरी. फरक इतकाच, की संध्याकाळी तिच्या हातात तिची कमाई असते. हे जत्रेचे काही दिवस सोडून बाकीच्या वर्षात का होऊ नये? भिगवणच्या माशाला जे जमलं ते शेंगोळ्यांना का जमू नये?

तेव्हा कट्ट्यावरच्या मित्रांनो, नातवंडांना डिमसम खाऊ द्या. जमलं तर सोबत जा, आणि सोबत जाताना घरातल्या बाईला न्या. आपल्या भागात जेवायला गेलात की दर वेळी एखादा इकडचा पदार्थ मागा. नाही म्हणाले तरी मागा, दहा जणांनी मागितला की अकराव्याला मिळेल. आणि ऑर्डर देताना कृपा करून तिच्या वतीने बोलू नका. ती "काहीही चालेल" म्हणाली तर थांबा. पोऱ्या थांबला होता तसे थांबा. इतकी वर्षं तिला काहीही चाललं आहे, त्यामुळे उत्तर यायला थोडा वेळ लागेल.