दुपारी अडीचची बेल

दुपारी अडीच ही आमच्या घरातली पवित्र वेळ. जेवणं झालेली, ओटा पुसलेला, सासूबाईंचा पेपर छातीवर उघडा पडलेला आणि चष्मा अजून नाकावरच. मी घरून काम करत असले तर याच वेळी जरा पाठ टेकते. आणि नेमकी याच वेळी बेल वाजते. एकदा नाही, दोनदा. कुरियरवाला एकदाच वाजवतो आणि लगेच फोन करतो. समोरच्या काकू बेल वाजवतच नाहीत, दारावर टकटक करतात. दोनदा, आणि त्यातही दुसऱ्यांदा जरा लांबवून वाजली की समजायचं, कोणीतरी काहीतरी विकायला आलंय.

आमच्या पुण्यात यावर एक जुना उपाय आहे, तो म्हणजे पाटी. 'विक्रेत्यांनी बेल वाजवू नये' ही त्यातल्या त्यात सौम्य. बाकीच्यांचे लोक फोटो काढतात, एकमेकांना पाठवतात आणि हसतात. मीही हसायचे. गेली दोन वर्षं मात्र तेवढं हसू येत नाही. का, ते सांगते.

त्याआधी थोडं मागे जाते. दारावर विकायला येणं ही काही नवी गोष्ट नाही. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. आई दोन जुन्या साड्या आणि बाबांची एक पँट काढायची आणि एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस चालायची. कल्हईवाला यायचा, चाकूला धार लावणारा यायचा. पण ही सगळी माणसं खाली रस्त्यावरून हाळी द्यायची. आपल्याला हवं असेल तर आपण खिडकीतून हाक मारायची, नको असेल तर हातातलं काम चालू ठेवायचं. हाळीला उत्तर नाही दिलं तर कोणाचा अपमान होत नसे.

बेलचं तसं नाही. बेल वाजली की उठावंच लागतं. दार उघडलं की समोर माणूस असतो, आणि माणसाच्या तोंडावर दार लावायला आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. १९८२ साली युरेका फोर्ब्ज सुरू झाली आणि टाय लावलेली मुलं व्हॅक्यूम क्लीनर घेऊन शहरांतल्या घरोघरी जायला लागली. आमच्याकडेही एक आला होता. त्याने आमचीच गादी साफ करून त्यातली धूळ आम्हाला पांढऱ्या कापडावर काढून दाखवली. आई इतकी खजील झाली की तिने त्याला चहा आणि वर दोन लाडू दिले. व्हॅक्यूम क्लीनर काही घेतला नाही, तेवढे पैसेच नव्हते. पण पुढे आठवडाभर ती गाद्या उन्हात घालत होती.

तर आता दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना, आम्ही दोघं ऑफिसात, मुलगा कॉलेजात, घरी सासूबाई एकट्या. (मी त्यांना आईच म्हणते, म्हणून इथून पुढे आई म्हणजे त्याच.) अडीच वाजता बेल. दोन माणसं, निळे शर्ट, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी. "गॅसकडून आलोय आजी, तपासणी सक्तीची आहे. नाही केली तर सिलिंडर बंद होईल." आईंनी सेफ्टी डोअर उघडलं. त्यांनी शेगडीखाली वाकून पाहिलं, रबरी नळीला चीर गेलीय म्हणाले, नवी नळी आणि कसलंसं एक 'सुरक्षा यंत्र' बसवलं आणि १८५० रुपये घेतले. पावती दिली. त्यावर सही घेतली. यंत्र म्हणजे प्लॅस्टिकची एक डबी, आत काही नाही.

गॅसची तपासणी असते, हे खरं. पण ती एजन्सीचा माणूस करतो आणि एजन्सीला फोन केला तर त्याचं नाव कळतं. आम्ही फोन केला तेव्हा "आम्ही कोणालाच पाठवलं नाही" असं उत्तर मिळालं. पावतीवरचा नंबर लागलाच नाही.

१८५० रुपये गेले, त्याचं मला फार वाटलं नाही. आईंनी ते आम्हाला चार दिवस सांगितलं नाही, याचं वाटलं. पावती त्यांनी हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात लपवली होती. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. आख्ख्या सोसायटीचे हिशेब एकेकाळी तपासलेली. त्या पावतीकडे बघत मला म्हणाल्या, "मला कळायला हवं होतं गं." आणि त्यानंतर त्यांनी दुपारी दार उघडणंच सोडलं. श्रावणात वरच्या मजल्यावरची छोटी हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आली, तर आतून आवाजही न देता बसून राहिल्या. चोरांनी पैसे नेले ते नेले, आईंचा स्वतःवरचा भरवसाही घेऊन गेले.

मी काय केलं? पाटी लावली. चांगली मोठी. आणि तरीही पुढच्याच आठवड्यात अडीच वाजता बेल वाजली. त्या दिवशी मी घरी होते. दारात एक विशीतली मुलगी, खांद्यावर जड बॅग, हातात फिनाईलची बाटली. मी जे सुटले ते सुटलेच. वाचता येत नाही का, लाज वाटत नाही का, म्हाताऱ्या माणसांना फसवता... त्या दोन निळ्या शर्टांना जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं तिला बोलले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नको तर नको म्हणा ना ताई. ओरडता कशाला?"

आणि समोरच्या दाराकडे वळली.

मी दार लावून आत उभी राहिले. बाहेरचं ऐकू येत होतं. समोरच्या काकूंनी तिला गोड आवाजात विचारपूस करत सगळी बॅग उघडायला लावली. फिनाईल, भांड्याचा साबण, टॉयलेट क्लीनर, सगळ्याचे भाव विचारले, दोन बाटल्या उघडून वास घेतला. वीस-पंचवीस मिनिटं. शेवटी म्हणाल्या, "छान आहे हं. उद्या ये, मिस्टरांना विचारून सांगते." काकूंचे मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हा प्रश्न आहे की आमच्या दोघींत जास्त वाईट कोण वागलं? मी ओरडले, ते चुकलंच, त्याचं समर्थन नाही. पण माझ्यामुळे तिचा एक मिनिट गेला. काकूंमुळे अर्धा तास गेला आणि उद्याचा एक फुकट जिना ठरला. यातल्या बहुतेक मुलामुलींना विक्री झाली तरच पैसे मिळतात. बॅग उघडून दाखवण्याचे कोणी देत नाही. आपण ज्याला सभ्यपणा समजतो तो पुष्कळदा फक्त 'नाही' म्हणण्याचा कंटाळा असतो, आणि त्याची किंमत समोरचा भरतो.

आणि उलट बाजूनेही तेच. जो विकण्यात मुरलेला असतो, त्याला आपला हा कंटाळा पक्का ठाऊक असतो. तो पहिल्यांदा विकतच नाही. तो असे प्रश्न विचारतो की ज्यांना 'हो'च म्हणावं लागतं. घरात लहान मुलं आहेत ना? पाणी शुद्ध हवं ना? दोन मिनिटं बघायला काय हरकत आहे? तीनदा हो म्हटलेल्या माणसाला चौथ्यांदा नाही म्हणणं जड जातं. मग 'ही किंमत फक्त आजच', मग 'खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी दोन घेतले'. या सगळ्यातून सुटायची जागा एकच, अगदी सुरुवातीची. दहाव्या मिनिटाला नाही म्हणणाऱ्याला आपण उगाच अपराधी समजायला लागतो. दहाव्या सेकंदाला म्हटलं तर कोणाचंच काही बिघडत नाही.

कायदा काय म्हणतो, तेही पाहिलं. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने थेट विक्रीबद्दल नियम आणले. थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांच्या विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही, असं त्यात आहे. म्हणजे "आधी ओळखपत्र दाखवा आणि फोन करून या" हा उद्धटपणा नाही, नियमच आहे. माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिकडे घरी येऊन विकलेली बरीचशी खरेदी तीन कामाच्या दिवसांत रद्द करता येते, असा नियम १९७० च्या दशकापासून आहे. दारात उभं राहून घेतलेला निर्णय थंड डोक्याने घेतलेला नसतो, हे तिकडच्या सरकारनेही मान्य केलंय. मी हे आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "तीन दिवस? मला तर नुसतं सांगायलाच चार लागले."

मध्यंतरी सोसायटीने गेटवर ॲप बसवलं. कोणी आलं की वॉचमन नोंद करतो आणि माझ्या फोनवर विचारणा येते, सोडू की नको? मला वाटलं, सुटले. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या मी 'नको' दाबायला लागले. एकदा आईंची पेन्शनच्या कामातली जुनी मैत्रीण आली होती, तिलाही मी असंच गेटवरून परत पाठवलं. वॉचमनने नाव चुकीचं लिहिलं होतं, मला कळलं नाही. संध्याकाळी आईंना तिचा फोन आला. आई चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "घरी मी, दार माझं, आणि विचारणार तुला?"

खरं होतं. आम्ही त्यांना वाचवायला निघालो होतो आणि त्यांच्या हातातून दारच काढून घेतलं होतं.

मग आम्ही दोघी बसलो आणि नियम ठरवले. आईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले. पहिला, सेफ्टी डोअर उघडायचं नाही, जाळीतूनच बोलायचं. दुसरा, विक्रेता असेल तर पहिलं वाक्य ठरलेलं : "आम्ही दारात काही घेत नाही." कारण सांगायचं नाही, कारण दिलं की त्यावर उत्तर येतं. तिसरा, गॅस, वीज, बँक, कोणाचंही नाव सांगितलं तरी आपल्या डायरीतल्या नंबरवर आपण फोन करायचा, त्याने दिलेल्या नंबरवर नाही. चौथा, दागिना, सही आणि ओटीपी यातलं काहीही दारात द्यायचं नाही. (दागिने पॉलिश करून देतो म्हणून नेलेल्या बांगड्यांच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात.) आणि ॲपमध्ये आता आईंचाही नंबर घातलाय.

पाचव्या नियमावर वाद झाला. पाणी मागितलं तर? मी म्हटलं, नाही द्यायचं, पाण्याच्या निमित्ताने तर लोक आत येतात. आई म्हणाल्या, "एप्रिलच्या उन्हात चार मजले चढून आलेल्या माणसाला पाणी नाही म्हणायचं हे मला या वयात जमणार नाही." मुलगा म्हणाला, जाळीतून ग्लास जात नाही. शेवटी आईंनीच तोडगा काढला. स्वतःच्या पेन्शनमधून एक माठ आणला आणि खाली वॉचमनच्या खोलीपाशी ठेवला, वर पालथा पेला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोघांनी हरकत घेतली, असं केलं तर हे लोक येतच राहतील म्हणाले. आई म्हणाल्या, पाणी प्यायला येतील ना? येऊ देत.

परवाची बेल अशीच होती. 'चारशे दोनमध्ये जायचंय' असं गेटवर सांगून एक मुलगा आत आला होता आणि सगळ्या मजल्यांवर मोबाईलची कव्हरं विकत फिरत होता. मी उठले, पण आई आधी पोचल्या. जाळीतून म्हणाल्या, "बाळा, आम्ही दारात काही घेत नाही. खाली माठ आहे, पाणी पिऊन जा." तो "बरं आजी" म्हणाला आणि गेला. रागावला नाही, रेंगाळला नाही. आई परत येऊन आडव्या झाल्या. मला मात्र पुन्हा झोप लागली नाही, ती फिनाईलवाली आठवत राहिली. ती त्यानंतर कधी आली नाही.

माझी ती मोठी पाटी मी काढून टाकलीय. जो फसवायला येतो तो पाटी वाचून परत जात नाही, आणि जो पोटासाठी येतो त्याच्यावर ती नुसतीच ओरडत बसते. आतला कागद आमच्यासाठी आहे, तेवढा पुरतो.

तुमच्याकडे काय पद्धत आहे ते जरूर कळवा, विशेषतः घरी वयस्कर माणसं एकटी असतील तर. आणि माठाबद्दल तुमचं मत वेगळं असेल तर तेही सांगा. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांचं आहेच.