टोपी कोण कोणाला घालतंय?

हाताने बनवलेली फेल्टची टोपी म्हटली की माझ्या ओळखीच्या लोकांचे सरळ दोन गट पडतात. पहिला म्हणतो, "टोपी कोण घालतंय रे आता? दे सोडून." दुसरा म्हणतो, "अरे वा, किती अस्सल! आपली कला जपली पाहिजे!" पहिल्या गटाशी माझं भांडण नाही. तो निदान प्रामाणिक आहे. आजचं भांडण दुसऱ्या गटाशी. कारण कला जपायच्या नावाखाली हा गट जे काही करतो, त्याला आपल्याकडे शुद्ध मराठीत 'टोपी घालणे' म्हणतात.

उदाहरण देतो. गेल्या हिवाळ्यात पुण्यात एका वीकांत कार्यशाळेला गेलो होतो. 'हाताने फेल्ट हॅट बनवा'. (फी किती ते सांगत नाही, घरचे वाचतात.) शिकवणारी मुलगी हुशार होती, हात चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण टेबलावर जी लोकर ठेवली होती ती ऑस्ट्रेलियन मेरिनो. रंगवलेली, पिंजलेली, विंचरलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी विचारलं, इथली लोकर का नाही? उत्तर आलं, "ती टोचते. आणि मिळत पण नाही."

मिळत नाही! मी शिरूरचा. नगर रस्त्याने तिथून दीड-दोन तास. कातरणी झाल्यावर शिरूर-चौफुला रस्त्याने न्हावऱ्याच्या पुढे जाऊन बघा, बांधावर काळ्या लोकरीचे ढीग पडलेले दिसतील. पावसात भिजतात, कुजतात, कधी कोणी काडी लावतं. कातरणाऱ्याची मजुरी लोकर विकून निघत नाही, हे कुठलाही मेंढपाळ सांगेल. तरी कातरावी लागतेच, वर्षातून दोनदा, नाहीतर जनावराला गोचिड-पिसवांचा त्रास, उन्हाचा त्रास. म्हणजे पदरचे पैसे घालून लोकर काढायची आणि फेकायची. तिकडे पुण्यात त्याच शनिवारी समुद्रापलीकडची लोकर आणून आम्ही 'मातीशी नाळ जोडतोय'. २०२२ च्या डिसेंबरात लागू झालेल्या करारापासून ऑस्ट्रेलियाची लोकर आपल्याकडे बिनशुल्क येते, हेही जाता जाता लक्षात ठेवा.

आता 'टोचते' या मुद्द्याकडे येऊ. मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. आणि अर्धं खरं कसं घातक असतं हे प्रॉडक्शनमधला बग शोधलेल्या कोणालाही माहीत असतं.

फेल्ट म्हणजे काय? विणलेलं कापड नव्हे. उभा धागा नाही, आडवा धागा नाही, सूतच नाही. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात, माशासारखे, सगळे एकाच दिशेने. गरम पाणी आणि साबण लागला की खवले जरा उघडतात, आणि मग चोळलं, लाटलं, दाबलं की तंतू एकाच दिशेने सरकतात, एकमेकांत अडकतात, आणि परत मागे येऊ शकत नाहीत. वन-वे ट्रॅफिक. ज्या घरात लोकरीचा स्वेटर कधी गरम पाण्याच्या वॉशिंग मशीनमध्ये गेलाय आणि बाहुलीच्या मापाचा होऊन बाहेर आलाय, त्या घराने फेल्ट पाहिलंय.

टोपी करायची तर पिंजलेली लोकर थरावर थर, दर थराची दिशा बदलून, घंटेच्या आकारात पसरायची. मध्ये एक तुकडा ठेवायचा, म्हणजे दोन बाजू आपसात चिकटत नाहीत. मग गरम साबणाचं पाणी, आणि लाटणं. लाटणं. लाटणं. पोळ्या परवडल्या. मूळ मापाच्या जवळपास निम्मं होईपर्यंत आटवायचं. मग ते ओलं, गरम असतानाच लाकडी ठोकळ्यावर ओढून बसवायचं, जिथे काठ सुरू होतो तिथे दोरी आवळायची, आणि वाळू द्यायचं. कडकपणा हवा असेल तर लाखेचा हात द्यायचा. हो, लाखच. साहेबाची ती गोल कडक बोलर हॅट, लंडनमध्ये १८४९ साली पहिल्यांदा केलेली, तिला ताठ ठेवणारी लाख ही. आपल्याकडच्या पळस-कुसुंबाच्या फांद्यांवरचे किडे जी करतात तीच जात.

तर दख्खनी मेंढीची लोकर. जाड, केसाळ, बहुतेक काळी. मेरिनोइतकी चटकन ती फेल्ट होत नाही. जास्त वेळ लागतो, जास्त जोर लागतो, आणि त्यात कुसळं अडकलेली असतात ती वेचताना डोळे जातात. हे सगळं मान्य. पण टोपी काय बनियन आहे का? आतून चामड्याची पट्टी असते, कपाळाला ती लागते. बाकी टोपी डोक्यापासून लांबच. काठ जितका ताठ तितका बरा. शिवाय सगळीच लोकर सारखी नसते. कोकराची पहिली कातरलेली लोकर, जावळ, ती मऊ असते. जावळाची घोंगडी जुनी माणसं वेगळी ओळखायची आणि वेगळा दाम मोजायची. जावळ आतून, जाडी लोकर बाहेरून, असा थर लावला तर टोपी होते. मी लावलाय, झाली आहे. मेरिनोइतकी तलम नाही. नसूदे.

आणि हे काही मी शोधून काढलेलं नाही. मराठीत 'बुरणूस' असा शब्द आहे. न विणता, लोकर थापून-दाबून केलेलं जाड कापड. अंथरायला, आणि खोगिराखाली घालायला असलंच जाड दाबलेलं कापड लागतं. शिरूर, म्हणजे तेव्हाची घोडनदीची छावणी, इंग्रजांचं लष्करी ठाणं होतं. १८१७ च्या ३१ डिसेंबरला कॅप्टन स्टॉन्टन इथूनच कोरेगावकडे निघाला आणि त्याच्याबरोबर पूना ऑक्झिलरी हॉर्सचे स्वार होते. घोडे म्हटले की खोगीर आलं, खोगीर म्हटलं की त्याखालचा जाड थर आला. आज आपल्याकडे त्यातलं काय उरलं? 'खोगीरभरती' हा शब्द. तोही आपण रटाळ पुस्तकांसाठी वापरतो.

'हॅट ही परकी गोष्ट' असं म्हणणारे वेगळेच. शिरूरच्या पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतलेला मेंढपाळ ज्यांनी पाहिलाय त्यांना लोकर डोक्यावर घेणं परकं वाटायचं कारण नाही. हॅट साहेबाची खूण होती हे खरंच. म्हणून तर डिसेंबर १९२८ मध्ये लाहोरहून निसटताना भगतसिंगांनी ती डोक्यावर चढवली, सोबत दुर्गाभाभी, आणि सामान घेऊन नोकराच्या वेशात आपल्या शेजारच्या खेडचे राजगुरू. पण त्याला जवळजवळ शंभर वर्षं होत आली. साहेब गेला. ऊन आहे तिथेच आहे.

(थोडं विषयांतर. युरोप-अमेरिकेत उंची हॅट लोकरीच्या नसायच्या, बीव्हर आणि सशाच्या केसांच्या असायच्या. त्या केसांना खवले कमी, म्हणून त्यांना पाऱ्याच्या क्षाराचा लेप द्यायचे. वाफेत पारा उडायचा, कारागिरांचे हात थरथरायचे, डोकं फिरायचं. अमेरिकेत हा प्रकार १९४१ साली बंद झाला. आणि बीव्हर हा प्राणी या हॅटांपायी युरोपातून जवळपास संपलाच होता. लोकरीला यातलं काहीच लागत नाही, साबण आणि मनगट पुरतं. असो.)

आता सरकारी बाजू. इंग्रजांच्या काळापासून आपल्याकडे एकच कल्पना चालत आलीये: दख्खनी मेंढी 'सुधारायची'. म्हणजे मेरिनोशी संकर करून लोकर बारीक करायची. ही मेंढी दिवाळीनंतर बिऱ्हाडाबरोबर घाट उतरून कोकणात जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. भर उन्हात चालते, मिळेल ते खाते. तिला थंड कुरणातल्या जातीसारखी लोकर का नाही, असं विचारणं म्हणजे एसटीला विमानाचे पंख का नाहीत विचारण्यासारखं आहे. यूजर कोण, वापर काय, हे न बघता लिहिलेलं स्पेसिफिकेशन. आमच्या धंद्यात असल्या प्रोजेक्टचं काय होतं ते सांगायला नको. लोकर सुधारली नाही ती नाहीच, आता कळपात मांसासाठी माडग्याळ वगैरे जाती शिरल्यात आणि त्यांच्या अंगावर लोकर नावालाच. मेंढपाळ चुकतोय का? अजिबात नाही. ज्याला बाजार नाही ते तो का पोसेल? चाकणच्या शनिवारच्या बाजारात शेळ्या-मेंढ्यांना काय दर निघाला हे तुम्ही पेपरात वाचता. लोकरीचा दर कधी वाचलाय?

आणि जिथे थोडाफार बाजार उरलाय तिथे काय चाललंय बघा. इंटरनेटवर घोंगडी शोधा. पाठदुखी जाते, वात जातो, साप जवळ येत नाही, झोप लागते, नकारात्मक ऊर्जा... च्यायला, घोंगडी आहे का वैदू? आणि याच जाहिरातीत घोंगडीचं वजन किती, लोकर कुठल्या भागातली, जावळ की जाडी, खळ चिंचोक्याची आहे का, सूत हाताने काढलेलं की गिरणीचं, मिसळ किती, यातलं एक अक्षर नसतं. खोटे गुण सांगायचे आणि खरे गुण लपवायचे. अॅक्रिलिक मिसळून 'पारंपरिक' म्हणून विकणाऱ्याला मग रान मोकळंच. सणगर किंवा खुटेकर विणकराच्या हातच्या घोंगडीला आणि त्या मालाला गिऱ्हाईक एकाच तागडीत तोलतं, आणि स्वस्त ते उचलतं.

दुरुस्तीबद्दल तर कोणी बोलतच नाही, आणि माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. आमच्या आजोबांची एक काळी फेल्टची टोपी ट्रंकेत होती. डांबरगोळ्या असूनही कसर लागलेली, एका बाजूने चेपलेली, घामाचे पांढरे डाग. पुण्यात तीन दुकानांत दाखवली. तिघांचं उत्तर एकच, "नवीन घ्या ना." एकाने तर हातातही घेतली नाही. पेठांमध्ये पगड्या करणारे आहेत, पुणेरी पगडीला २००९ साली जीआय मिळाला, छान झालं. पण चेपलेली टोपी वाफेवर धरून सरळ करून द्यायला माणूस नाही.

शेवटी घरी केली. अवघड काही नाही, वेळ लागतो. आतली पट्टी आधी उसवायची. मऊ ब्रशने धूळ, नेहमी एकाच दिशेने. तेलकट डागावर मुलतानी माती कोरडी दाबून रात्रभर, सकाळी झटकायची. मग किटलीची वाफ, लांबून, फिरती, आणि मऊ पडली की आतून बोटांनी चेप वर उचलायचा. ठोकळ्यावर चढवून दोन दिवस सावलीत. कसरीच्या भोकांत त्याच रंगाची लोकर खाचा असलेल्या सुईने टोचून टोचून बसवायची, म्हणजे पुन्हा फेल्टच करायचं, पण जागच्या जागी. यासाठी मला काळी लोकर हवी होती आणि दख्खनी मेंढीची लोकर जन्मतःच काळी असते. रंगवायला नको, उन्हाने विटायची भीती कमी. मेरिनोच्या पिशवीत रंगवलेलं काळं मिळतं. शेजारी ठेवून बघा, फरक कळेल.

मुद्दा असा की दुरुस्ती करणाऱ्यालाच माल कळतो. आमच्याकडे पोराला पहिल्या दिवशी नवीन मोड्यूल लिहायला देत नाहीत, जुन्या कोडमधले बग काढायला देतात. तिथे त्याला समजतं की आधीच्या माणसाने असं का केलं होतं. कार्यशाळा घेणाऱ्यांनी पहिल्या शनिवारी नवी हॅट शिकवण्याऐवजी एक जुनी घोंगडी आणि एक चेपलेली टोपी दुरुस्त करायला द्यावी. किती जण येतील? कमी येतील. फोटो चांगले येत नाहीत ना.

मग मागणी काय? कला जपा वगैरे नको. 'हेरिटेज' पण नको, त्या शब्दाची मला ॲलर्जी झालीये. मेंढ्या-शेळ्यांसाठी पुण्यातच मुख्यालय असलेलं अहिल्यादेवींच्या नावाचं महामंडळ आहे. त्याने कातरणीच्या हंगामात शिरूर, दौंड, पारनेर अशा दोन-चार बाजारांत लोकरीची प्रतवारी करून दर फळ्यावर लिहावा. जावळ, लांब, आखूड, कचरा, चार खाने पुरेत. दर कमी असला तरी चालेल, पण फळ्यावर असावा. ज्याला टोप्या करायच्या त्याने तिथे यावं आणि मेंढपाळाच्या हातात पैसे ठेवून लोकर न्यावी. आणि विकताना लेबलवर 'हस्तनिर्मित' याच्या शेजारी लोकर कुठली तेही लिहावं. मेरिनो असेल तर मेरिनो लिहा, त्यात पाप नाही. मेरिनो विकून धनगराचा फोटो लावणं यात आहे. हे सरकारदरबारी वर्षानुवर्षं भिजत घोंगडं पडायच्या लायकीचं काम नाही, एका फळ्याचं आणि खडूचं काम आहे.

तोवर ज्यांना घरी करून बघायचंय त्यांच्यासाठी एवढंच. लोकर घेताना पाठीवरची मागा, पोटावरची आणि पायांवरची नको, त्यात कचरा फार. धुताना कोमट पाण्यात नुसती बुडवून ठेवा, चोळू नका, चोळलीत तर तिथेच फेल्ट होऊन बसेल. ठोकळ्यासाठी सुताराला बाभळीचा वर्षभर वाळलेला ओंडका घ्यायला सांगा, ओला घेतला तर वाफेने तडकतो. माझा ५६ सेंटीमीटरचा आहे. आजोबांचं डोकं लहान होतं, तुमचं मोजून घ्या.