चेहऱ्याचे रंग चेहऱ्याचेच हवेत

गोकुळाष्टमी आली की बालवाड्यांमध्ये निळे कृष्ण दिसू लागतात. 15 ऑगस्टला गालांवर तिरंगा उमटतो, शिवजयंतीला कपाळावर चंद्रकोर येते आणि स्नेहसंमेलनाच्या हंगामात वाघ, ससे, माकडे, मारुती अशी सारी फौज रंगमंचामागे ताटकळत उभी असते. हा आनंद मुलांना मिळायलाच हवा. काळजी वाटते ती त्यांच्या चेहऱ्यावर जे फासले जाते त्याची. शाळेची सूचना दोन दिवस आधी येते आणि मग पुष्कळ घरांत हाताशी असेल ते वापरले जाते: चित्रकलेच्या तासाचे पोस्टर कलर, कपड्यांची नीळ, नाहीतर देवघरातला शेंदूर.

पोस्टर कलरच्या बाटलीवर ‘नॉन-टॉक्सिक’ असे छापलेले असते आणि ते वाचून पालक निर्धास्त होतात. पण ही हमी कागदावर चित्र काढणाऱ्या मुलासाठी आहे. रंग चुकून तोंडात गेला तर विषबाधा होऊ नये, इतकाच तिचा अर्थ. तोच रंग घामेजल्या गालावर चार तास राहिला तर काय होईल, याची तपासणी त्यात नसते. पाण्यातले रंग बाटलीत नासू नयेत म्हणून त्यांत परिरक्षक घालावे लागतात. त्यांपैकी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे सर्रास वापरले जाणारे रसायन. त्याच्या अ‍ॅलर्जीचे रुग्ण वाढल्यामुळे, लावल्यावर न धुता त्वचेवर तसेच राहणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांत ते वापरायला युरोपीय संघाने 2017 मध्ये बंदी घातली. रंगांच्या बाटलीला ही बंदी लागू नाही, कारण तो रंग चेहऱ्याला लावण्यासाठी बनवलेलाच नाही. अ‍ॅक्रिलिकची गोष्ट आणखी वाईट. ते वाळले की प्लास्टिकचा पापुद्रा होतो आणि तो ओढून काढताना कोवळी कातडी सोलवटते. ऑइल पेंट निघत नाही म्हणून रॉकेल किंवा थिनरचा बोळा मुलाच्या गालावर फिरवणे हा तर निव्वळ छळ आहे.

शेंदराबद्दल स्पष्ट बोलायला हवे. मारुतीच्या वेशातल्या मुलाला शेंदूर फासणारे आईवडील श्रद्धेनेच ते करतात. पण पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. शिसे कातडीतून फारसे आत शिरत नाही, हे खरे. मात्र मूल घाम पुसते, त्याच हाताने वडापाव खाते, ओठ चाटते, आणि शिसे पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही आणि पोटात गेलेल्या शिशापैकी मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेते. वाढत्या मेंदूची त्यामुळे होणारी हानी भरून येत नाही. शेंदूर मूर्तीवर असू द्यावा, मुलाच्या अंगावर नको.

‘नैसर्गिक’ या शब्दानेही कुणी भुलू नये. कथकलीच्या रंगभूषेत परंपरेने हरताळ आणि हिंगूळ वापरतात. दोन्ही जमिनीतून निघणारी खनिजे. हरताळात आर्सेनिक असते, तर हिंगुळात पारा.

मग ‘फेस पेंट’ असे लिहिलेली पेटी आणली की काम झाले का? तेवढ्यानेही नाही. अमेरिकेत 2009 मध्ये सुरक्षित सौंदर्यप्रसाधनांसाठी मोहीम चालवणाऱ्या एका संघटनेने मुलांचे 10 फेस पेंट तपासून घेतले, तेव्हा दहाही नमुन्यांत शिशाचे अंश सापडले. त्याच वर्षी एका कार्यक्रमात चेहरे रंगवून घेतलेल्या मुलांना पुरळ, खाज, जळजळ आणि सूज असा त्रास झाला. तपासणीत रंगांमध्ये जंतू आढळले आणि वितरकाला ते बाजारातून परत घ्यावे लागले.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. चेहऱ्याला लावायचा रंग हे सौंदर्यप्रसाधन आहे आणि त्याला 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020 चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात. भारतीय मानक ब्युरोच्या यादीतलेच रंग त्यात वापरता येतात. या रंगद्रव्यांत शिसे दहा लाखांत 20 भागांपेक्षा आणि आर्सेनिक 2 भागांपेक्षा जास्त चालत नाही. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी असावी लागते. माल परदेशी असेल तर आयात नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचा पत्ताही हवा. जत्रेत किंवा खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या झगमगीत डबीवर यातले काहीच नसेल, तर ती स्वस्त असली तरी घेऊ नये.

चांगला पर्याय उपलब्ध आहे. व्यावसायिक रंगभूषाकार पाण्यात भिजवून लावायच्या वड्या वापरतात. क्रायोलन, स्नाझारू, मेहरॉन या कंपन्यांचे असे रंग भारतातही मिळतात, मात्र नकली मालापासून जपण्यासाठी ते अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावेत. ते साबण-पाण्याने निघतात आणि वडी बरीच पुरते, त्यामुळे वर्गातल्या पालकांनी मिळून एक पेटी घेतली तर खर्चही वाटला जातो. रंग आणल्यावर कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मुलाच्या हातावर थोडासा लावून पाहावा. खाज किंवा लाली आली तर तो रंग बाजूला ठेवावा. ओठांना आणि डोळ्यांभोवती कोणता रंग चालत नाही, हे वेष्टनावर वाचून घ्यावे. झोपण्याआधी चेहरा स्वच्छ धुवावा.

चमकीचीही तपासणी हवी. हस्तकलेची चमकी म्हणजे प्लास्टिकचे धारदार कडांचे तुकडे. डोळ्यात गेले तर बुबुळाला ओरखडा पडतो. चेहऱ्यासाठी बनवलेली बारीक चमकीच वापरावी आणि तीही डोळ्यांपासून लांब.

उत्तम रंगही घाणेरड्या हातात धोक्याचा ठरतो. वाढदिवसाच्या पार्टीत किंवा मॉलच्या कोपऱ्यात एकच स्पंज आणि वाटीतले तेच गढूळ पाणी तीस मुलांच्या चेहऱ्यांवरून फिरते. डोळे आलेले मूल, तोंडाजवळ फोड आलेले मूल त्याच रांगेत असते. प्रत्येक मुलाला वेगळा स्पंज, धुतलेले ब्रश आणि ताजे पाणी, एवढी मागणी आयोजकांकडे करायला पालकांनी संकोचू नये.

पण सगळा भार पालकांवर टाकणे योग्य नाही. वेशभूषेची सूचना शाळा काढते, तेव्हा रंगांची जबाबदारीही तिनेच घेतली पाहिजे. चेहऱ्यासाठी पोस्टर कलर, ऑइल पेंट, नीळ आणि शेंदूर वापरू नये, असे त्या सूचनेत लिहायला दोन ओळी पुरतात. चांगले रंग शाळेने एकत्र मागवले तर आदल्या रात्रीची धावपळही टळेल. उत्सवांच्या तोंडावर मिठाई-माव्याचे नमुने घेतले जातात, तसे अन्न व औषध प्रशासनाने रंगांच्या डब्यांचेही घ्यावेत आणि निकाल जाहीर करावेत. येत्या स्नेहसंमेलनाची तयारी सुरू होण्याआधी पालकांनी पालक-शिक्षक सभेत हा विषय मांडावा आणि शाळेकडून लेखी सूचना मागून घ्यावी.